ट्रकमधला लेथ आणि टेपरची तक्रार

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अडीच टनी जीएमसी ट्रकांवर फिरती वर्कशॉप होती. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर त्यातल्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) सरळ काम कसं होई?

उत्तर : ट्रक थांबवून लगेच जॉब (कापायचा तुकडा) लावला तर सरळ होत नाही. लेथचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, बिडाचा, जाडजूड दिसतो. पण चेसिस (ट्रकचा सांगाडा) पिळली की तोही पिळतो आणि दंडगोलाऐवजी टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता तुकडा, निघतो. म्हणून आधी जमीन पाहून जॅकखाली फळ्या टाकायच्या आणि चेसिस उचलून स्प्रिंगांवरचा भार काढायचा. टायरवर उभ्या ट्रकात माणूस चढला तरी पातळी बदलते.

मग बेडवर आडवी लेव्हल (पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून हेडस्टॉक (जॉब फिरवणारं टोक) आणि टेलस्टॉक (जॉबला आधार देणारं दुसरं टोक), दोन्हीकडचं रीडिंग सारखं करा. दोन्ही टोकं सारखीच कललेली असतील तर चालेल, पीळ नको.

खरी परीक्षा कापूनच होते. चकमध्ये (हेडस्टॉकवरच्या पकडीत) २५ मिमीचा बार धरा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. १०० मिमी अंतरावर दोन कॉलर (बारवरचे जाड कडे) ठेवून, टूल न हलवता ०.०५ मिमीचा हलका कट दोन्हींवर घ्या आणि मायक्रोमीटर लावा. बाहेरचा कॉलर जाड आला, तर टेलस्टॉककडचा पुढचा (कारागिराच्या बाजूचा) पाय पातळ पत्र्याच्या शिमने उचला. बारीक आला तर तोच पाय खाली घ्या. बोल्ट आवळून पुन्हा कट घ्या, कारण आवळतानाही बेड ओढला जातो.

निघताना कॅरेज (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक लॉक करा, जड चक उतरवून ठेवा. बेडला तेल हवंच.