ड्रिल चोख, मॅचमध्ये गोंधळ: १४ वर्षांखालच्या मुलांना बास्केटबॉलमध्ये निर्णय घ्यायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीकडच्या शाळेत तुमच्याकडे १४ मुलं आणि एकच बास्केट आहे. ड्रिल सगळी चोख करतात, पण मॅचमध्ये बॉल हातात आला की तुमच्याकडे बघत उभी राहतात. मी बेळगावात बरीच वर्षं मुलामुलींना शिकवतोय. सुरुवातीला माझीही मुलं अशीच बघत राहायची.

तेव्हा मी ओळीने प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडायचो. मुलं त्यातून नागमोडी ड्रिबल करत, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत, जायची, शेवटी ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटच्या जवळून टाकलेला शॉट. पण कोन जागचा हलत नाही, हात आडवा घालत नाही. मुलांचे हात तयार झाले, समोरच्याला बघायची सवय मात्र लागलीच नाही. पास कधी द्यायचा हे डिफेंडर सांगतो, आणि माझ्या सरावात डिफेंडरच नव्हता.

म्हणून कोन उचला आणि तिथे मूल उभं करा. सुरुवात दोन विरुद्ध एकने करा. दोघं मध्यरेषेवरून निघतात, तुम्ही त्यांच्या पाठीमागे उभे राहा, म्हणजे तुम्ही फक्त डिफेंडरला दिसाल. एक बोट दाखवलं की त्याने बॉलवाल्याच्या अंगावर जायचं, दोन दाखवली की मागे राहून पास अडवायचा. अंगावर आला तर पास, मागे राहिला तर थेट आत.

खानापूरकडची एक मुलगी होती, ड्रिबल फार सुंदर. पण काहीही झालं तरी तीन पॉइंटच्या रेषेवर पास द्यायचीच. पाचव्या खेपेला पास अडवला गेला, तेव्हा मी एवढंच विचारलं, "डिफेंडरचा पुढचा पाय कुठं होता?" "बघितलाच नाही, सर." पुढच्या खेपेला ती अर्धं पाऊल थबकली, तिची नजर त्याच्या पायाकडे गेली. तो मागे सरकत होता. ती सरळ आत घुसली आणि ले-अप चुकला. मी तरी तिला पॉइंट दिला. आमच्याकडे बरोबर निर्णयाला एक पॉइंट आणि बास्केट झाली तर आणखी एक. आठवड्याभराने बोटं बंद करा, डिफेंडरला हुलकावण्या देऊ द्या.

मग तीन विरुद्ध दोन, आणि पुढे बराच काळ तीन विरुद्ध तीन. पाच-पाचमध्ये बुजऱ्या मुलाच्या हाती बॉल फार कमी वेळा येतो. शिवाय तीन-तीनचा खेळ अर्ध्या कोर्टवर एकाच बास्केटवर होतो, तुमची अडचण तिथेच सुटते. टोकियोपासून तो ऑलिम्पिकमध्येही आहे. त्यात शॉटला १२ सेकंद मिळतात, नेहमीच्या खेळात २४. तीन-तीनच्या चार टीम करा, जिंकेल ती कोर्टवर राहील, उरलेले दोघं गुण आणि सेकंद मोजतील, दर डावाला बदलून.

काही बिघडलं की ओरडण्याऐवजी नियम बदला. सगळी बॉलभोवती गोळा होतात? ड्रिबल बंद करा, मोकळ्या जागेत गेल्याशिवाय पासच मिळणार नाही. कुणी आत शिरत नाही? बॉल एकदा बास्केटपुढच्या रंगवलेल्या चौकोनात गेल्याशिवाय बास्केट मोजू नका. आणि "पास दे रे!" हे बाहेरून ओरडणं सोडा. मला ते सर्वात जड गेलं. पण मी गप्प झालो तशी मुलं बोलायला लागली: "इकडं टाक!", "इल्ली, इल्ली!" कानडी-मराठी दोन्ही चालू.

शूटिंगची घोटाई मात्र टाकू नका, रोज दहा मिनिटं तरी द्या. पावसाळ्यात कोर्ट ओलं असलं तर शाळेच्या हॉलमध्ये बास्केटशिवाय खेळवा: तीन-तीन, सलग पाच पास झाले की एक पॉइंट.

पहिले दोन-तीन आठवडे बॉल खूप हातचे जातील. पालक कठड्याला टेकून बघत असतात, "हे काय शिकवणं?" म्हणतील. त्यांना आधीच बोलावून, हे असं का चाललंय ते सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि दोन चांगली मुलं त्या महिन्यात सोडून गेली.