उबुंटूची जागा वाढवताना

प्रश्न : डेस्कटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू (लिनक्स) दोन्ही आहेत. उबुंटूला दिलेले २५ जीबी भरले. सी ड्राइव्हमधून ५० जीबी कमी केले, पण ती जागा उबुंटूला जोडता येत नाही. काय करू? – एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : निम्मं काम तुम्ही बरोबर केलंत. विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा तिचा कप्पा) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावं, या मताचा मी आहे. पण चालू असलेली उबुंटू स्वतःचं पार्टिशन सरकवू शकत नाही. ज्या सतरंजीवर बसलोय, तिची घडी कशी घालणार?

उबुंटूचा इन्स्टॉलर असलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा, ‘ट्राय’ निवडा आणि जीपार्टेड हे पार्टिशन लहान-मोठं करणारं सॉफ्टवेअर उघडा. स्वॅपपुढे (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) किल्लीचं चिन्ह दिसलं, म्हणजे ती वापरात असली, तर राइट क्लिक करून ‘स्वॅपऑफ’ करा. रिकामी जागा उबुंटूला खेटूनच हवी. मध्ये विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन असेल, तर आधी ते डावीकडे सरकवा. मग उबुंटूची डावी कड ओढून ‘अप्लाय’ करा.

यात सगळा डेटा उचलून हलवला जातो. जुन्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास लागतात. मध्येच लाइट गेली तर पार्टिशन गेलंच समजा, आणि आपल्याकडचं लोडशेडिंग तुम्हाला मी काय सांगावं! छोट्या यूपीएसच्या भरवशावर राहू नका, इन्व्हर्टरवाल्या एखाद्या पाव्हण्याकडं संगणक न्या. फायली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याच. पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलत नाही, त्यामुळे ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला विंडोज की उबुंटू विचारणारा मेनू सहसा पहिल्यासारखाच येतो.