ट्रस रॉडची किल्ली फिरवण्यापूर्वी

प्रश्न : माझ्याकडे स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून तारा फ्रेटबोर्डपासून उंच गेल्यासारख्या वाटतात आणि पाचव्या फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे बारे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सर्व तारा दाबून वाजवायची सुरावट, धरताना बोटे दुखतात. साउंडहोलमधून आत पाहिल्यावर नेकच्या (दांडीच्या) टोकाशी एक षटकोनी खाच दिसते. ती ॲलन कीने फिरवून तारा खाली आणता येतील का? हे काम घरी करावे का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हे काम घरी अवश्य करता येते, मात्र तारांची उंची ठरवणे हे त्या खाचेचे काम नव्हे, हे आधी समजून घ्यावे. लाइट गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास जातो आणि त्या ओढीने नेक पुढच्या बाजूला किंचित वाकते. या ओढीला तोल देण्यासाठी फ्रेटबोर्डखाली पोलादी गज बसवलेला असतो, तोच ट्रस रॉड. आपल्याला दिसलेली खाच त्याच्याच टोकाची. गिबसन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांच्या अशा रचनेला १९२३ मध्ये पेटंट मिळाले. हा गज केवळ नेकचा बाक कमीजास्त करतो. थोडा बाक आवश्यकच असतो, कारण कंप पावणाऱ्या तारेला मधल्या फ्रेटवर न घासता हलण्यासाठी जागा लागते.

म्हणून किल्ली हातात घेण्यापूर्वी मोजमाप करावे. गिटार नेहमीच्या सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) चढवावा आणि सर्वांत जाड तार नेक जिथे खोक्याला मिळते त्या फ्रेटवर, म्हणजे बहुतेक गिटारींत चौदाव्यावर, दाबून धरावी. अशा वेळी ती तार सरळ पट्टीचे काम करते. सातव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर फट असेल, तर नेक ठीक आहे. दुचाकीचे मेकॅनिक वापरतात तो फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) यासाठी उत्तम. तो नसल्यास झेरॉक्सचा नेहमीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, तो एकदा दुमडून वापरला तरी चालतो.

फट याहून स्पष्टपणे जास्त असेल, तर खाचेकडे समोरून पाहत किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावी; फट उरलीच नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरत असेल, तर उलट दिशेने. एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव फेरा. त्यानंतर पुन्हा सूर लावून पुन्हा मोजावे आणि शक्यतो एक दिवस थांबावे, कारण लाकूड सावकाश स्थिरावते. किल्ली खाचेत अगदी घट्ट बसणाऱ्या मापाचीच हवी. सैल किल्लीने खाचेचे कोपरे झिजले, तर दुरुस्ती खर्चिक होते. घट्ट करताना जोर लावावा लागत असेल, तर तारा थोड्या सैल करून पाहावे, आणि तरीही गज हलत नसेल तर तिथेच थांबावे. आपल्या जवळच्या मिरजेतील सतार बनवणाऱ्या कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे, परंतु सतारीच्या दांडीत असा गज नसतो. म्हणून गिटार कोणाकडेही सोपवण्यापूर्वी त्यांनी ट्रस रॉडचे काम केले आहे का, हे विचारून घ्यावे.

आपण पावसाळ्याचा उल्लेख केला आहे, त्यावरून दोष नेकमध्ये नसावा असे मला वाटते. दमट हवेत वरची पातळ फळी ओलावा शोषून फुगते, तिच्यासोबत ब्रिज (फळीवर तारा अडकवलेला लाकडी तुकडा) वर उचलला जातो आणि नेक सरळ असूनही तारा उंच होतात. अशा वेळी ट्रस रॉड आवळल्यास उंची थोडी कमी झाल्यासारखी भासते, पण पहिल्या काही फ्रेटवर खरखर सुरू होते. गिटार आधी काही आठवडे बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम, आणि पुड्या बदलताना ती त्याखाली जात नाही हेही पाहावे. एवढे करूनही बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच-पावणेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त राहिली, तर सॅडलची (ब्रिजवरील, तारा टेकतात त्या पट्टीची) खालची बाजू घासावी लागेल. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर कमी करण्यासाठी सॅडल एक मिलिमीटर उतरवावी लागते. मूळ सॅडल मात्र घासू नका. दुसरी आणून तीच घासा, कारण हिवाळ्यात फळी पुन्हा बसली की जुनी उंच सॅडल परत लागू शकते.