वाचकांचे प्रश्न : पो नगरची दहा हातांची आई

प्रश्न (नाशिक येथील एका वाचक भगिनींकडून) : येत्या एप्रिलमध्ये आम्ही सहा जण व्हिएतनामला जाणार आहोत. सहलीच्या कार्यक्रमात न्हा त्रांग या गावी ‘पो नगर चाम मनोरे, ४५ मिनिटे’ एवढाच उल्लेख आहे. एका परिचितांनी ते शंकराचे मंदिर असल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांच्या मते तेथे चिनी पेहरावातील कोणी देवी आहे. नेमके दैवत कोणते आणि त्यामागे काही कथा आहे का?

उत्तर : आपल्या दोन्ही परिचितांनी पाहिले ते बरोबरच पाहिले. न्हा त्रांगच्या उत्तरेस काई नदी जेथे समुद्राला मिळते तेथील एका लहानशा टेकडीवर हे मंदिर आहे. आज हा भाग खान्ह होआ प्रांतात मोडतो. पूर्वी तो चाम लोकांच्या कौठार या राज्याचा भाग होता. चाम हे समुद्रावर वावरणारे लोक असून त्यांच्या राजांची नावे सत्यवर्मन, हरिवर्मन, इंद्रवर्मन अशी असत आणि त्यांचे शिलालेख संस्कृत व जुन्या चाम भाषेत आहेत. देवीचे पूर्ण नाव ‘पो इनो नगर’. ‘पो’ हे आदरार्थी संबोधन, ‘इनो’ म्हणजे आई आणि ‘नगर’ हा शब्द आपल्याच ओळखीचा असला, तरी चाम भाषेत त्याचा अर्थ शहर असा नसून देश असा होतो. म्हणजे ही देशाची आई. शिलालेखांत तिला भगवती म्हटले आहे.

शंकराचा संबंधही खरा आहे. येथील आरंभीचे मंदिर लाकडी होते आणि त्यात मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेले शिवलिंग, होते. इ. स. ७७४ मध्ये गलबतांतून आलेल्या परक्या लोकांनी ते जाळले आणि लिंग पळवून नेले. शिलालेखाच्या लेखकाने या लुटारूंचे वर्णन काळे, खप्पड, मृत्यूसारखे भयंकर आणि प्रेताहून किळसवाणे अन्न खाणारे असे केले आहे; राजदरबारी संस्कृतातही संताप किती मोकळेपणाने उतरतो, याचा हा चांगला नमुना आहे. राजा सत्यवर्मनने त्यांना समुद्रात गाठून हरवले, पण लिंग काही हाती लागले नाही. म्हणून ७८४ मध्ये त्याने नवे मंदिर उभारून पुन्हा प्रतिष्ठापना केली. पुढे ९१८ साली इंद्रवर्मन तिसरा याने भगवतीची सोन्याची मूर्ती घडवली, ती ख्मेर (आजच्या कंबोडियातील) सैन्याने नेली आणि ९६५ साली तिच्या जागी दगडी मूर्ती बसवण्यात आली. लूट झाली की नवी प्रतिष्ठापना, हा या टेकडीचा जणू क्रमच होता. आज मुख्य गाभाऱ्यात दहा हातांची, मांडी घालून बसलेली पाषाणमूर्ती आहे.

१६५३ मध्ये हा प्रदेश व्हिएतनामी सत्तेखाली गेला. चाम लोक दक्षिणेकडे सरकले, फान रांगजवळच्या हू डुक गावी त्यांनी आपल्या देवीचे वेगळे स्थान केले आणि तेथे ते आजही तिची पूजा करतात. टेकडीवरच्या देवीला मात्र नव्याने आलेल्या व्हिएतनामी कुळांनी आपले म्हटले. त्यांनी तिला थिएन य आ ना हे नाव दिले, अंगावर भरजरी झगा आणि मस्तकी मुकुट चढवला. त्यामुळे समोर उभे राहिल्यावर दिसतो तो रंगवलेला चेहरा आणि वस्त्रांचा घोळ. दहा हातांपैकी बहुतेक झाकलेले असतात. तुळजापूरला साडी-चोळीखालची मूळ महिषासुरमर्दिनी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे, हे आठवले म्हणजे या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

आता कथा. त्या दोन आहेत आणि दोन्ही एका लाकडाभोवती फिरतात. चाम परंपरेत देवी आकाशातील ढग आणि समुद्राचा फेस यांतून जन्मली आणि अगरू या सुगंधी लाकडाच्या ओंडक्याच्या रूपाने पाण्यावर तरंगत प्रकट झाली. तिने भात निर्माण केला, सुगंधी लाकूड निर्माण केले. तिला सत्त्याण्णव पती आणि अडतीस मुली होत्या असेही परंपरा सांगते. व्हिएतनामी कथा यापेक्षा बरीच घरगुती आहे. दाई आन नावाच्या डोंगरावर एक निपुत्रिक म्हातारे जोडपे कलिंगडाची वाडी करून राहत होते. रोज रात्री कोणीतरी फळे नासून जाई. म्हातारा पाळतीवर बसला, तेव्हा चांदण्यात एक मुलगी कलिंगडांशी खेळताना त्याला दिसली. दोघांनी तिला लेकीसारखे वाढवले. एकदा पावसापाण्याच्या दिवसांत तिने अंगणात दगडाफुलांची छोटी टेकडी रचली. काम सोडून खेळत बसली म्हणून म्हातारा रागावला. त्याच वेळी पुरातून अगरूचा एक ओंडका वाहत चालला होता. रुसलेली मुलगी त्या ओंडक्यातच शिरली आणि समुद्रमार्गे उत्तरेच्या देशाला लागली. तेथील माणसांना तो ओंडका हलेना. राजपुत्राने मात्र तो सहज उचलला, आतली मुलगी त्याला भेटली, लग्न झाले, दोन मुले झाली. काही वर्षांनी तिला माहेरची ओढ लागली. मुलांना घेऊन ती पुन्हा ओंडक्यात शिरली आणि परतली, तो म्हातारा-म्हातारी दोघेही गेलेली. तिने त्यांची समाधी बांधली, गावकऱ्यांना शेती आणि विणकाम शिकवले आणि मग ती स्वर्गाला गेली. १८५६ साली फान थान्ह झान या मंत्र्याने ही कथा लिहून घेतली. तिचा शिलालेख मंदिराच्या आवारातच आहे.

खान्ह होआ प्रांत अगरूसाठी आजही प्रसिद्ध आहे. आपल्या ‘अगरबत्ती’तला ‘अगर’ तो हाच. ओंडका कथेत शिरला तो तेथील जंगलातून आणि तेथील व्यापारातून. त्यामुळे राज्य आणि धर्म बदलूनही तो दोन्ही कथांत टिकला, असे मला वाटते.

आपल्या परिचितांपैकी कोणाचे खरे, असा वाद तेथे उभे राहून घालू नये, एवढेच सुचवावेसे वाटते. आपली देवी सापडल्याचा आनंद स्वाभाविक आहे. पण गेली साडेतीनशे वर्षे तेथे रोज धूप लावणाऱ्या माणसांचीही ती तितकीच आई आहे.

प्रश्न (सांगलीच्या एका निवृत्त अभियंत्यांकडून) : चाम मंदिरांच्या विटांमध्ये चुना किंवा माती दिसत नाही असे ऐकले. मग विटा एकमेकींना धरून कशा राहिल्या? तेथे गेल्यावर बांधकामात मुद्दाम काय पाहावे?

उत्तर : सांधा जवळून पाहिला तर दोन विटांमध्ये जेमतेम केसाएवढी रेघ दिसते. आपल्याकडील हेमाडपंती मंदिरांत दगडाला खाचा पाडून ते एकमेकांत बसवले जातात, तसे येथे करता येत नाही, कारण माध्यम वीट आहे. विटा पाणी घालून एकमेकींवर घासत आणि त्या घासण्यातून तयार झालेल्या बारीक लगद्यानेच चिकटवत, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते स्थानिक झाडाची राळ वापरत असत. संपूर्ण मनोरा रचून झाल्यावर बाहेरून जाळ लावून भाजत, हे मत अजूनही वाटाडे हौसेने सांगतात, परंतु ते आता फारसे कोणी स्वीकारत नाही. नक्षी मात्र विटा रचून झाल्यानंतर भिंतीवरच कोरलेली आहे, त्यामुळे पानाफुलांच्या रेषा सांध्यांवरून न अडखळता पुढे जातात.

आवार आठव्या ते तेराव्या शतकांदरम्यान टप्प्याटप्प्याने घडले. आज चार मनोरे उभे आहेत. मुख्य मनोरा सुमारे २३ मीटर उंच असून त्याचे दार पूर्वेला, म्हणजे समुद्राकडे आहे. उरलेल्या तीन बाजूंना फसवी दारे आहेत. आत शिरून मान वर केली की विटांचे थर एकेक पाऊल पुढे येत निमुळते होत गेलेले दिसतात, कारण ही कमान नसून पुढे सरकवलेल्या थरांचे छप्पर आहे. आत अंधार असतो आणि भिंती धुपाने काळ्या झालेल्या आहेत. दाराच्या वालुकाश्माच्या दोन्ही चौकटी शिलालेखांनी भरलेल्या आहेत. त्या ओलांडून थेट आत जाण्याची घाई करू नये. दारावरील अर्धगोल शिल्पात चार हातांची नृत्यमुद्रेतील आकृती आहे. तिला कोणी नंदीवर पाय ठेवलेला शिव म्हणतात, कोणी रेड्यावर उभी असलेली महिषासुरमर्दिनी. पायाखालचे जनावर निरखून आपणच ठरवावे. माझा कौल रेड्याला आहे.

वायव्येकडील लहान मनोऱ्याचे छप्पर होडी पालथी घालावी तसे आहे. ते बहुतेक प्रवासी चुकवतात, आपण चुकवू नये. टेकडीच्या खालच्या टप्प्यावर विटांचे अष्टकोनी खांब आहेत : मध्ये दहा मोठे, भोवती बारा लहान. हा मंडप; त्याचे छप्पर आता नाही. भाविक येथे थांबून उपचारांची तयारी करीत आणि समोरच्या उभ्या चढणीच्या जिन्याने वर जात. हा जिना आता वापरात नाही, बाजूच्या पायऱ्यांनी जावे लागते, पण खालून त्याकडे पाहिल्यावर देवीपुढे माणसाला किती लहान करायचे हे स्थपतीने नेमके ठरवले होते, हे कळते.

आपल्याला विषयात रस असल्यामुळे एक भर घालतो. मध्य व्हिएतनाममधील ‘मी सन’ येथील चाम मंदिरांच्या जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले आणि २०२० मध्ये त्या कामादरम्यान नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. सहलीत तेथून जवळचे दा नांग शहर असेल तर ‘मी सन’साठी अर्धा दिवस अवश्य काढावा.

प्रश्न (पुणे येथील एका आजींकडून) : तेथे देवीची ओटी भरता येईल का?

उत्तर : फळे आणि फुले नेता येतात, तेथील भाविकही तेच नेतात. ती पुजाऱ्यांच्या किंवा सेवेकऱ्यांच्या हाती द्यावीत. मूर्तीला किंवा विटांना हळदकुंकू आणि तेल लावू नये, आवारात नारळ फोडू नये. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आणि तोकडे कपडे असतील तर वर घालण्यासाठी राखाडी झगा तेथेच मिळतो.

साडी किंवा खण अर्पण करण्याची आपली इच्छा तेथील लोकांना मुळीच विचित्र वाटणार नाही, कारण देवीला वस्त्र देण्याची रीत त्यांच्यातही आहे. त्यांच्या तिसऱ्या चांद्रमासाच्या वीस ते तेवीस तारखांना देवीचा उत्सव असतो. बहुतेक वर्षी तो आपल्या चैत्र वद्य पंचमी ते अष्टमीच्या आसपास, एप्रिलमध्ये येतो. पहिल्या दिवशी सुगंधी पाण्याने देवीला स्नान घालून जुनी वस्त्रे उतरवतात आणि नवी नेसवतात. नाशिकच्या भगिनींनी आपल्या सहलीच्या तारखा याच्याशी एकदा ताडून पाहाव्यात. त्या दिवसांत गेल्या तर पंचेचाळीस मिनिटे रांगेतच जातील, तेव्हा सहल आखणाऱ्यांकडून आधीच जास्त वेळ मागून घ्यावा.