आईची रात्रपाळी

“मॅडम, देवावर माझा पूर्ण भरवसा आहे. मग इतकी भीती का वाटते? मी कुठे कमी पडते?”

ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनासाठी येणारी माणसं हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणी म्हणतं, विश्वास असूनही आजार आला. कुणी म्हणतं, प्रार्थना करूनही छातीतली धडधड थांबत नाही. बहुतेकांना उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत असतं: विश्वास कमी पडला. मी फक्त तसं म्हणून शिक्का मारावा, एवढीच अपेक्षा. एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या. मुलगा दुसऱ्या पाळीला कामाला, मोटारसायकलने रात्री साडेबाराच्या सुमारास घरी येणारा. तो बाहेर पडला की ताई बायबलमधलं स्तोत्र ९१ म्हणायच्या. ‘जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो...’ इथपासून सोळा वचनं. आधी एकदाच म्हणायच्या. मग कधीतरी सात वेळा झालं, आणि मग नियम आले. मन भरकटलं तर ते म्हणणं धरायचं नाही. शब्द अडखळला तर पहिल्यापासून. म्हणताना मनात अपघाताचं चित्र आलं तर तेही बाद. रोजचे दोन-अडीच तास त्यात जायचे.

एका रात्री त्यांना ताप होता. पाचव्या वेळेला डोळा लागला. त्याच रात्री मुलाची गाडी घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं.

“मी पहाऱ्यावरून उठले, म्हणून झालं,” त्या म्हणाल्या. पहारा हा शब्द त्यांचाच. तो मी वहीत लिहून घेतला.

हे सांगत असतानाच पर्समधला फोन थरथरला. त्यांनी तो काढला नाही, पण उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला आणि ओठ हलू लागले. मी थांबले. दीडेक मिनिटाने त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “सॉरी, काय म्हणत होतो आपण?” आपण मध्ये गप्प झालो होतो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. दुसऱ्या भेटीत मी त्यांना धीर द्यायला गेले. त्यांच्याच भाषेत बोलावं म्हणून बायबलमधल्या प्रेषित पौलाचा दाखला दिला. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ ताईंचा चेहरा उजळला. मला वाटलं, काम झालं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, “आता मी सातदा म्हणून झालं की शेवटी पौलाचं वचन तीनदा म्हणते. पण तिसऱ्यांदा नीट नाही जमलं तर?”

मी दिलेला धीर दोन दिवस टिकला आणि मग पहाऱ्यावरच्या कामांत एका कामाची भर पडली. हा चक्राकार विकार असाच चालतो. भीतीचा विचार येतो, एखादी कृती केली की भीती थोडी उतरते, म्हणून पुढच्या वेळी ती कृती करावीच लागते. कुणाला हात धुवावे लागतात, कुणाला कुलूप तपासावं लागतं. श्रद्धाळू माणसाच्या बाबतीत ती कृती बहुतेक वेळा प्रार्थनाच असते, म्हणून घरच्यांना ते भक्तीसारखं दिसतं आणि कुणी हटकत नाही. वैद्यकीय भाषेत याला ओसीडी म्हणतात. दिवसातला एक तास किंवा त्याहून जास्त वेळ त्यात जात असेल, किंवा रोजची कामं त्याने अडत असतील, तर निदानाचा विचार करावाच लागतो. धार्मिक बाबतीतल्या अशा छळणाऱ्या शंकांना इंग्रजीत जो शब्द आहे, ‘स्क्रुप्युलॉसिटी’, त्याचं मूळ एका लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत गेलेला खडा जसा पावलोपावली टोचतो, तसं.

हे काही नव्या काळाचं दुखणं नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये मठात गेला, आणि तिथे पापांची कबुली देऊन उठला की आठवलेलं आणखी एक पाप घेऊन परत यायचा. त्याचा कबुली ऐकणारा श्टाउपित्झ अगदी वैतागायचा म्हणतात. कृपेवर पुढे इतकं लिहिणाऱ्या माणसाला आधी तीच मिळत नव्हती. ताईंना मी हे नंतर, बऱ्याच आठवड्यांनी सांगितलं. तेव्हाच सांगितलं असतं तर तेही त्यांनी आपल्या विधीत घेतलं असतं!

मग मी मुलाला बोलावलं. हाताला प्लास्टर, चेहऱ्यावर कंटाळा.

“आई, मागचं टायर गुळगुळीत झालं होतं. पाऊस पडून गेलेला. मी तुला सांगितलं होतं बदलायचंय म्हणून.”

“पण मी पाचव्यालाच झोपले रे.”

“टायरला काय माहीत तू कितव्याला झोपलीस!”

मला हसू आलं. ताईंना नाही. पण घरी गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा टायर बदलून घ्यायला लावलं. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, लोक देवाची प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहारेही बसवतात, दोन्ही एकाच वाक्यात. भरवसा आणि शहाणपण ही एकमेकांची वैरी नाहीत, हे शास्त्र वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

ताईंच्या बोलण्यात देवाचं रक्षण होतं, देवाचं सामर्थ्य होतं. दया मात्र कुठेच नव्हती. त्यांचा देव सर्वसमर्थ होता, पण एका अडखळलेल्या शब्दावरून मुलाला रस्त्यावर आपटणारा. एकदा मी विचारलं, “मुलगा लहान असताना ‘पाणी’ नीट म्हणता येत नव्हतं तेव्हा काय करायचात?”

“‘पाई’ म्हणायचा. द्यायचे की.”

“सातदा म्हणवून घेऊन?”

“काहीतरीच काय बोलता मॅडम!” त्या चिडल्या. मग खिडकीकडे पाहत बसल्या. मी पुढे काही बोलले नाही. पौलाच्या वेळी बोलून पाहिलंच होतं.

उपचार दोन बाजूंनी सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं. या विकारात त्याचा पुरता परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. ‘गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास का?’ हा प्रश्न ओघाने आलाच. त्यांना चष्मा होता. चष्म्याशिवाय स्तोत्र वाचता का, एवढंच विचारलं.

दुसरी बाजू सरावाची. लंडनमध्ये काम करणाऱ्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक पद्धत मांडली. माणसाला भीतीसमोर न्यायचं, आणि भीती उतरवणारी नेहमीची कृती करू द्यायची नाही. भीती चढते, थांबते, हळूहळू आपणच उतरते, आणि मनाला कळतं की कृती केली नाही तरी आभाळ कोसळत नाही. ताईंचा सराव असा ठरला: स्तोत्र एकदाच म्हणायचं. अडखळलं तर तसंच पुढे जायचं. पुस्तक मिटायचं आणि भीतीला शंभरपैकी गुण देऊन कागदावर लिहायचे.

पण स्तोत्रच कमी म्हणायचं, हे मी कोण सांगणार? त्यांच्या चर्चच्या पाळकांना विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नव्हते. मला भीती होती की ते ‘प्रार्थना कधी जास्त होते का?’ म्हणतील. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान येशूला म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. तो जे वचन सांगतो ते स्तोत्र ९१ मधलंच आहे. येशू ते वचन नाकारत नाही, पण उडीही टाकत नाही. म्हणतो, परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस.

“ताई, हे स्तोत्र देवाला बांधून घ्यायची दोरी नाही,” पाळक म्हणाले. “पंधरावं वचन वाचा.” त्यांनी वाचलं: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. “संकट येणारच नाही असं म्हणतोय का तो?”

पाळकांनी आणखी एक गोष्ट कबूल केली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. ताई त्यांना रात्री फोन करून ‘एकदाच म्हटलं, चालेल ना?’ विचारायच्या. ठरलं की उत्तर एकदाच द्यायचं, पुन्हा नाही. यजमानांनाही तेच सांगितलं. रोज ‘काही होणार नाही गं’ म्हणत राहणं हाही त्या चक्राचा एक आरा असतो. प्रेमापोटी घातलेला, पण आराच.

पहिल्या रात्री ताईंनी कागदावर ९५ लिहिलं. पाऊण तासाने ८०. मुलगा दारात आला तेव्हा ७०, आणि खाली एक ओळ: ‘फार रडले.’ तिसऱ्या आठवड्यात एकदा मोडलं, चोरून चार वेळा म्हटलं. सांगताना त्या शाळेतल्या मुलीसारख्या खाली बघत होत्या. मी त्यांना फक्त येशूच्या दाखल्यातल्या, कर वसूल करणाऱ्या माणसाची प्रार्थना आठवते का विचारलं. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ त्या म्हणाल्या, “एवढीच आहे ना ती?” हो, एवढीच. त्यानेही ती मोजल्याचं लिहिलेलं नाही.

भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पावसाच्या रात्री आकडा अजून वर जातो. मुलगा मोटारसायकलनेच जातो आणि रस्ते तेच आहेत. विश्वासाने रस्ता कोरडा होत नाही, हे ताईंनाही आता माहीत आहे, आणि तरीही त्या स्तोत्र म्हणतात. एकदा.

परवाच्या भेटीत त्या आल्या त्या जरा ओशाळलेल्या.

“काल पुरं नाही झालं, मॅडम. ‘तो तुझ्यावर पाखर घालील’ इथवर आले आणि डोळा लागला.”

“चौथं वचन.”

“हो. तो कधी आला कळलंच नाही. सकाळी उठले तर दिवा बंद, अंगावर चादर. आणि चष्मा घडी करून पुस्तकावर ठेवलेला. मी तशी घडी करत नाही.”

मी विचारलं, “रात्रीचे गुण किती लिहिले?”

“कागद कोराच राहिला,” त्या म्हणाल्या.