नागपूरच्या बँडने लेबलच्या करारावर सही करावी का?

तुमचं म्हणणं असं, की धरमपेठेतल्या चार पोरांचा मराठी रॉक बँड आहे, सहा गाणी स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड केली आहेत आणि मुंबईचं एक लेबल, म्हणजे गाणी बाजारात आणणारी कंपनी, आता त्यांचे मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग आणि त्याचे हक्क, कायमचे मागून राहिलं. मी इकडे शोला साउंड सांभाळतो, ओळखीच्या बँडांचे करारही वाचून देतो. तुम्ही टाकलेला मजकूर वाचला. जसा आहे तसा कागद असेल तर सही करू नका भाऊ.

का, ते कोलकात्याच्या मोहिनेर घोडागुलीवरून सांगतो. बंगालीत रॉक करणारा हा बँड १९७५ च्या आसपासचा. १९७७, ७८ आणि ७९ अशा लागोपाठ तीन वर्षांत तीन रेकॉर्ड आल्या, त्याही तीन वेगळ्या कंपन्यांकडून: गाथानी, हिंदुस्थान आणि भारती. त्या काळच्या श्रोत्यांना ते फारसं झेपलं नाही, आणि १९८१ मध्ये बँड मोडला. मग १९९५ मध्ये त्याच बँडच्या गौतम चट्टोपाध्यायांनी नव्या पोरांना घेऊन ‘आबार बछर कुडि परे’ हा संग्रह काढला आणि कॉलेजची पोरं जी वेडी झाली, ती आजपर्यंत. गौतमदा १९९९ मध्ये गेले. २००६ मध्ये ‘गँगस्टर’ या हिंदी सिनेमातलं ‘भीगी भीगी’ देशभर वाजलं, त्याची चाल त्याच संग्रहातल्या ‘पृथिबीटा नाकि’ची.

म्हणजे गाण्याचे दिवस कधीकधी बँड संपल्यावर येतात. तेव्हा कागदावर नाव कोणाचं आहे, याला किंमत येते. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. आज २२ वर्षांचा असलेला तुमचा ड्रमर तेव्हा ८२ चा असेल.

आता तुमच्या कागदातलं ते कलम: ‘संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी’. (मंगळावर शो लागला तरी पैसे त्यांचे!) हे कलम हसण्यावारी नेऊ नका. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमच्या कागदात दोन्ही ठासून लिहिलंय, त्यामुळे ही सवलत तुम्हाला मिळत नाही. दुसरं, रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो कायद्याने निर्माता. स्टुडिओचं बिल तुम्ही भरलं, सगळी जुळवाजुळव तुम्ही केली, म्हणजे आज मालक तुम्हीच आहात. ते बिल जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर भरवसा नको.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने एक गोष्ट बरी झाली. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येत नाही. पण तो वसूल व्हायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं, आणि आपल्याकडची पोरं तिथेच आळस करतात. त्याआधी चौघांनी बसून कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे लिहून सह्या करा. लेबलशी भांडणं नंतर होतात, बँडमधली आधी.

लेबल वाईटच असतं असं मी म्हणत नाही. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली टाइम्स म्यूझिकने काढला आणि तो घरोघरी पोचला. त्याच बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी मात्र इंटरनेटवर फुकट दिली, दर महिन्याला एक. तोवर त्यांचं नाव झालं होतं, शोचे पैसे मिळत होते. तुमचं अजून व्हायचंय. सीताबर्डीच्या कॅफेत चाळीस लोकांसमोर वाजवून स्टुडिओचा खर्च निघत नाही, हे मलाही कळतं.

म्हणून लेबलला सरळ उलट मेल टाका: मास्टर आमचे राहतील, तुम्हाला पाच वर्षांचा परवाना, दर सहा महिन्यांनी हिशेब, आणि एका वर्षात गाणी आली नाहीत तर करार रद्द. मान्य झालं तर वकिलाला दाखवून सही करा. नाही म्हणाले तर डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ऑनलाइन अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या सेवेमार्फत, स्वतःच टाका, सगळी सहा एकदम नको.