एल्विस प्रेस्लीचे सगळे सिनेमे सारखेच का वाटतात? त्यातला एखादा बघण्यासारखा आहे का?

सारखे वाटतात, कारण ते आहेतच सारखे. लहानपणी रात्री कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनेलवर जुने हॉलिवूड सिनेमे दाखवणारं टीएनटी सुरू व्हायचं, आणि रिमोट बाबांकडे असल्यामुळे एल्विस माझ्या वाट्याला बराच आला. कधी रेसिंग ड्रायव्हर, कधी पायलट, कधी बोटवाला. मागे दोन-तीन पोरी, एखादी मारामारी, आणि दर दहा मिनिटांनी गाणं. साथीचा वाद्यवृंद कुठून आला हे विचारायचं नाही.

सुरुवात अशी नव्हती हो. १९५८चा 'किंग क्रिओल' बघा, 'कासाब्लांका'वाल्या मायकल कर्टिझचा. त्यात हा गायक माणूस चक्क नट वाटतो. मग दोन वर्षं लष्करात गेली. परत आल्यावर 'फ्लेमिंग स्टार'सारखे कमी गाण्यांचे, गंभीर सिनेमे बेताचेच चालले, आणि १९६१च्या 'ब्लू हवाई'ने गल्ला भरला. त्याच्या गाण्यांची रेकॉर्ड तर बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या खपाच्या यादीत, २० आठवडे पहिल्या नंबरावर! मॅनेजर कर्नल पार्करला तेवढं पुरे होतं. सिनेमा रेकॉर्ड खपवतो, रेकॉर्ड सिनेमा खपवते. आपल्या शम्मी कपूरचे ओठ हलायचे आणि गळा रफीचा असायचा. इथे चेहरा नि गळा एकाचाच, त्यामुळे दोन्हीकडचा पैसा एकाच घरात. मग पटकथेवर कोण कशाला डोकं शिणवेल?

कहर म्हणजे १९६७चा 'डबल ट्रबल'. तिशी ओलांडलेला एल्विस ट्रकच्या मागे, कोंबड्यांच्या खुराड्यांत बसून 'ओल्ड मॅकडोनाल्ड' गातो. हो, बालवाडीतलंच ते. त्या रात्री बाबासुद्धा मध्येच उठून झोपायला गेले.

बघायचाच तर 'व्हिवा लास व्हेगस' (१९६४) बघा. गोष्ट नेहमीचीच: रेसच्या गाडीला इंजिन हवंय, पैसे नाहीत, म्हणून नायक हॉटेलात वेटर. पण समोर हिरॉइन अ‍ॅन-मार्ग्रेट आहे. 'कमॉन एव्हरीबडी' या गाण्यात ती अशी काही नाचते की एल्विसलाच जाग येते. एरवी हिरॉइनकडे बघत गाणं उरकणारा हा गडी इथे तिला गाठायला धडपडतो.

कर्नलसाहेबांना मात्र तिला मिळालेला भाव खपला नाही, शिवाय खर्चही वाढला होता. लगेच पुढचा 'किसिन कझिन्स' स्वस्तात सिनेमे काढणाऱ्या सॅम कॅट्झमनकडे गेला आणि अडीच-तीन आठवड्यांत चित्रित झाला. त्यात एल्विसचा डबल रोल आहे, पैकी एकाच्या डोक्यावर सोनेरी विग. तो बघू नका.